चिकटपट्टीचे चार तुकडे

१

गोजरबाईंना गिझरचा शॉक बसला, तेव्हा गिझरचा लाल दिवा विझलेला होता. वडनेर भोलजीत जो तो एवढंच सांगत होता, आणि त्यापुढचं वाक्यही सगळ्यांचं ठरलेलं होतं: म्हणजे गणेशनंच काहीतरी करून ठेवलं.

बाई सत्तरीच्या. जानेवारीची थंडी, सकाळचे सहा. दिवा विझला, पाणी तापलं, म्हणून त्या न्हाणीत गेल्या. नळाची लोखंडी तोटी धरली आणि फेकल्या गेल्या. सुनेनं, जयमालेनं, आवाज ऐकला. तिनं आधी मेन स्विच पाडला आणि मग लोटलेलं दार उघडलं. उलट क्रमानं केलं असतं तर त्या घरातून दोघींना न्यावं लागलं असतं. गोजरबाईंचं उजवं मनगट मोडलं, तळहात भाजला, पण जीव वाचला. त्यांना खामगावच्या दवाखान्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गणेश माझ्याकडे पिंपळगाव राजाला आला. आयटीआयमध्ये मी तीस वर्षं विजेचं काम शिकवलं, त्यातला हा शेवटच्या वर्गातला मुलगा. आता त्याला स्वतःला मिशा होत्या, पण दारात उभा राहिला तो वर्गाबाहेर काढल्यासारखा.

"ये न आत."

"सर, बुढीले म्याच मारलं असतं."

"मेली नाई न ती? बस. पाणी पे. आन पहिल्यापासून सांग."

"बुढीचा पोरगा, शेखरभाऊ, उद्या दुपारी पोलीस ठाण्यात चालला. माह्या नावाचा अर्ज लिवून तयार हाय. शाळेच्या खोल्यांची वायरिंग माह्याकडं व्हती, ते काम थांबवलं. कोणी पंखा दुरुस्त कराले पण बलावत नाई, सर."

"ते राहू दे. तू काय केलं ते सांग."

गणेशनं मान खाली घातली. "दिवाळीत गिझर खोलला व्हता. कॉईलवर खाराचा हा एवढा थर. म्या चाकूनं खरडला आन तीच कॉईल परत बसवली."

पूर्णा नदीच्या बाजूचं बोअरचं पाणी खारं. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तसाच तो गिझरच्या कॉईलवर धरतो. थराखाली कॉईल जास्त तापते आणि एक दिवस तिची नळी तडकते. चाकूनं खरडली तर तो दिवस लवकर येतो. हे मीच त्याला शिकवलं होतं.

"आन अर्थिंग पाह्यली व्हती?"

"हाव सर. बल्ब लावून पाह्यली. भक्क पेटला."

मी विचारात पडलो. कॉईल तडकली तर वीज गिझरच्या लोखंडी अंगावर येते, हे खरं. पण अर्थिंगची तार नेमकी त्यासाठीच असते. ती त्या विजेला सरळ जमिनीत नेते आणि बोर्डावरचा स्विच आपोआप पडतो. माणसाच्या हातापर्यंत वीज पोचतच नाही.

"मग शॉक बसाले नाई पायजे," मी म्हटलं.

"तेच त मले समजून नाई राह्यलं." त्याचे डोळे भरले. "पण बसला न, सर."

२

सकाळी नऊला मी वडनेरला पोचलो. शेखर, म्हणजे गोजरबाईंचा मुलगा, ओसरीतच उभा होता. खिशातून घडी केलेला कागद डोकावत होता.

"सर, तुमी त्याचे गुरू. तुमी त त्याचीच बाजू घ्यान."

"मी गिझरची बाजू घ्याले आलो, शेखर. त्याचं कोणी ऐकलं काय अजून?"

त्याला हसू आलं नाही. पण त्यानं वाट दिली. "जसं व्हतं तसंच हाय सगळं. मेन पाडला तवापासून कोणाले हात लावू दिला नाई."

न्हाणी मागच्या बाजूला. गिझर आत, उंचावर. त्याचं बटण आणि पिन लावायची जागा मात्र बाहेर, न्हाणीच्या दाराशेजारी, आणि वायर भिंतीतल्या भोकातून आत गेलेली. आमच्याकडे प्लगला कोणी प्लग म्हणत नाही, पिनच म्हणतात. ती पिन अजून बोर्डातच होती. बटण खाली दाबलेलं, म्हणजे चालू.

मी हात मागे बांधून नुसता बघत उभा राहिलो. मुलांनाही मी हेच सांगतो. हात नंतर, डोळे आधी.

वायर पिनेतून निघून सरळ वर भोकाकडे गेली होती. अगदी ओळंबा लावल्यासारखी. नीटनेटकं दिसत होतं. पण भिंतीच्या चुन्यावर वेगळंच काही उमटलेलं होतं. पिनेच्या खालून निघून, वळसा घेऊन वर गेलेला एक काळपट माग. वर्षानुवर्षं वायर तिथं टेकून राहिली होती. आता ती तिथं नव्हती.

आणि बोर्डाच्या वर, माणसाच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर, भिंतीला चिकटपट्टीचे चार तुकडे होते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे. मधला चुना बाकी भिंतीपेक्षा जराही वेगळा नव्हता.

म्हणजे तिथं एक कागद होता. फार दिवस नव्हता. आणि कोणीतरी तो घाईनं ओढून काढला होता.

"शेखर, इथं काय लावलं व्हतं?"

शेखरनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काईच नाई. मले त नाई माहीत."

३

मी आधी माणसांशी बोलायचं ठरवलं. यंत्र कुठे पळून जात नाही.

जयमाला चुलीपाशी होती. मी विचारायच्या आतच बोलली.

"गुरुजी, चूक माही हाय. घरात सगळ्यायच्या आंघोळीच्या आधी मीच बटण बंद करतो. रोज. त्या दिवशी केलं नाई."

"काऊन?"

"आत्याबाईच म्हणे, आता बटणाची काई गरज नाई, आता भेव नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी म्हटलं, बरं. भाकरी तव्यावर व्हती. दोन पावलं व्हती हो, गुरुजी. दोनच पावलं."

"आता भेव नाई, असं काऊन म्हणे त्या?"

"त्यायले मामंजी म्हणे."

मामंजी म्हणजे गोजरबाईंचे यजमान, उकंडराव. ते ओट्यावर बसले होते, बाजूला न खाल्लेली भाकरी. पंच्याहत्तर वर्षांचा सरळ माणूस. सांगितलं ते करायचं, समजलं नाही तर एकदा विचारायचं, एवढंच त्यांना माहीत. मला पाहून उठायला लागले. मी खांदा धरून बसवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचं म्हणणं मोडलं नाई म्या. तरी असं झालं."

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मला वाटलं. मी त्यांची पाठ थोपटली आणि पुढे गेलो. आज हे लिहिताना त्या थोपटण्याची मला लाज वाटते. उत्तर त्यांनी माझ्या हातात ठेवलं होतं, आणि मी ते वळूनही पाहिलं नाही.

शेखर माझ्या मागेमागेच होता. त्याला मी एकच विचारलं. "गणेश दिवाळीत काय म्हणे तुले?"

"काय म्हणन?" त्याचा आवाज चढला. "म्हणे काम झालं. त्याचं काम त दिसूनच राह्यलं."

"आणखी काई?"

त्यानं खिशातल्या अर्जाची घडी उगाच चाचपली. मग बऱ्याच हळू म्हणाला, "म्हणे, ही कॉईल तात्पुरती हाय. खामगावहून नवीन आणजा. म्या तीनदा खामगावले गेलो सर. तिन्हीदा इसरलो."

दोन माणसं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपणच. गणेश धरून तीन. रहस्याच्या गोष्टीत कोणी गुन्हा कबूल करत नाही. या घरात तो नाकारणारं कोणी भेटत नव्हतं.

पण तिघांचं मिळूनही कोडं सुटत नव्हतं. अर्थिंग चांगली असताना वीज हातापर्यंत आली कशी? आणि दिवा विझल्यावर?

४

गणेशला मी सोबत आणलं होतं. तो अंगणाबाहेर गाडीपाशीच थांबला होता. त्याला हाक मारली. शेखर एक पाऊल मागे सरकला.

मेन बंदच होता. तरी मी टेस्टर लावून पाहिला, मग वायर सोडवली, गिझरचं खालचं झाकण उघडलं आणि मीटरची एक तार कॉईलच्या टोकाला, दुसरी टाकीला लावली. कॉईल धड असती तर काटा हलायला नको होता. तो सरळ पलीकडे गेला.

पाणी सोडून कॉईल बाहेर काढली. थराखाली चाकूचे ओरखडे, आणि एका ओरखड्यावर केसाएवढी चीर. गणेश भिंतीला टेकून खाली बसला.

"पाह्यलं?" शेखर म्हणाला.

"पाह्यलं. ही गणेशची चूक. पण ही अर्धीच हाय. चल, बाहेरची अर्धी पाहू."

मी बोर्डातली पिन धरली आणि बाहेर ओढली. तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरली. पाच सेकंद कोणालाच काही कळलं नाही. मग गणेश ताडकन उठला.

"सर! मोठा पाय कुठी हाय?"

गिझरच्या पिनेला तीन पाय असतात. दोन सारखे, त्यांतून वीज येते-जाते. तिसरा वरचा, जाड आणि लांब. तो अर्थिंगचा. या पिनेला दोनच पाय होते. तिसऱ्याच्या जागी रिकामं भोक, आणि झाकणाच्या स्क्रूवर पेचकसाचे ताजे, चकाकणारे ओरखडे.

मी बल्ब घेतला, मेन चालू केला, बोर्डातली अर्थिंग तपासली. बल्ब भक्क पेटला. गणेश म्हणाला होता तसाच. अर्थिंग भिंतीपर्यंत येऊन उभी होती. पुढे गिझरपर्यंत जायला तिला पायच उरला नव्हता.

"हे पण यानंच केलं असन," शेखर म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"तो भिंतीवरचा माग पाहून घे. तीन पायांची पिन एकाच बाजूनं बसते, वायर खाली ठेवून. म्हणून वायर वळसा घेऊन वर जाये. दिवाळीत गणेशनं अशीच लावली, अन नंतरही ती अशीच व्हती. जाड पाय काढला की पिन उलटीही बसते. कोणीतरी ती उलटी लावली, कारण मंग वायर सरळ दिसते. आन हे चार-आठ दिवसांतलं काम हाय. स्क्रूवर अजून गंज धरला नाई."

"अन दिवा?" जयमाला दारातून म्हणाली. "दिवा त विझला व्हता न?"

"पाणी तापलं की गिझर आतून एक बाजू तोडते आन दिवा विझते. पिन सरळ असली तर वीज येणारी बाजू तुटते. उलटी असली तर परत जाणारी. दिवा दोन्ही वेळा विझते. पण उलट्या पिनेत कॉईलमधी वीज तशीच भरून राह्यते."

जयमालेनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "पण मुद्दाम पाय काढंन कोण, गुरुजी? आमच्या घरात?"

मी भिंतीवरच्या चार तुकड्यांकडे पाहिलं. ते मुलांच्या दप्तरात असते तसल्या, रंगीत चिकटपट्टीचे होते. निळ्या. त्यावर चांदण्या.

"प्रतीक्षा कुठी हाय?" मी विचारलं.

५

प्रतीक्षा, जयमालेची मुलगी, सहावीत. दर रविवारी वडनेरच्या शाळेत मी मुलांना यंत्रांची ओळख करून देतो, त्यात पहिल्या रांगेत बसणारी. दोन दिवस ती शाळेत गेली नव्हती. घरच्यांना वाटलं, आजीसाठी रडते.

ती अंगणाच्या टोकाला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे सापडली. मांडीवर दप्तर घट्ट धरून बसलेली. मी शेजारी मातीतच बसलो.

"सर," तीच म्हणाली, "मोठा पाय लांब असते, कारण तो सगळ्यात आधी आत जाते आन सगळ्यात शेवटी बाहेर येते. तुमी शिकवलं."

"हाव. शिकवलं."

"आजीले गाडीत टाकलं तवा मी पिन पाह्यली. उलटी व्हती. तीन पायाची पिन उलटी बसतच नाई." तिनं दप्तर आणखी जवळ ओढलं. "मले तवाच समजलं."

जे शोधायला मला अख्खी सकाळ लागली, ते या पोरीनं ॲम्ब्युलन्सची धूळ खाली बसायच्या आत ओळखलं होतं.

"मंग सांगितलं काऊन नाई, बेटा?"

"आबाले पोलीस नेतीन." आबा म्हणजे तिचे आजोबा, उकंडराव.

"आन गणेशकाकाले नेलं असतं त?"

ती एकदम रडायला लागली. "मी रोज म्हणो, आज सांगतो. आज सांगतो. मंग दिवस संपे."

मी तिला रडू दिलं. मग तिनं दप्तर उघडलं, भूगोलाच्या पुस्तकातून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. चारी कोपरे फाटलेले.

"रविवारी तुमी म्हटलं व्हतं, घरी लिवून लावा म्हणून. मी लावला. आबांनी वाचला. मले म्हणे, कोणती पिन? मी म्हटलं, गिझरची. आन खेळाले गेली."

मी कागद उघडला. वळणदार, मन लावून काढलेली अक्षरं. खाली स्केचपेननं दोन रेघा.

*आंघोळीच्या आधी पिन काढून टाका.*

आणि त्याखाली, ज्याचा गुन्हा त्याचं नाव:

*— पंजाबराव सर*

६

पंजाबराव मीच.

वाक्य माझं होतं, शब्द न शब्द. फळ्यावर मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. बटणावर भरवसा ठेवू नका, मुलांनो. पिन काढून टाका. माझ्या मनात अख्खी पिन होती, बोर्डातून ओढून काढायची. पण तिच्या एकेका पायालाही लोक पिनच म्हणतात. ज्यानं आयुष्यभर नांगराचा फाळ काढला, जू काढलं, पाभरीचे फण काढले, त्या माणसानं 'काढून टाका' याचा दुसरा काय अर्थ घ्यावा? तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की सैल जोडणी आगीचं मूळ असतं. आणि माझंच वाक्य सैल निघालं.

मी सगळ्यांना ओसरीत बसवलं. गणेशला आत बोलावलं. प्रतीक्षाला माझ्याजवळ घेतलं आणि कागद वाचून दाखवला. खालच्या नावासकट.

उकंडरावांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि पितळेचा जाड, लांब पाय बाहेर काढून ओसरीवर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"पितळ हाय म्हणून ठुला व्हता," ते म्हणाले. "म्या म्हटलं, टाका लिवलं, पण कामी पडंन. कोणती काढावं समजे नाई. दोन पायावर मोबाईल चार्ज होते. म्हणून जास्तीची काढली. लावून पाह्यलं, गिझर चालू झाला. वायर बी सरळ बसली." ते माझ्याकडे वळले. "गोजरले म्हटलं, आता भेव नाई, मास्तरनं सांगतलं तसं केलं. म्हंजे मास्तर... म्याच माह्या हातानं?"

"हात तुमचे, आबा. सांगणं माझं." मी शेखरकडे वळलो. "कॉईल गणेशनं खरडली, तू नवीन आणली नाई, ते तुमी दोघं आपसात पाहा. पण ते दोन्ही झाल्यावरही जो पाय जीव वाचवत व्हता, तो माझ्या वाक्यानं काढला. अर्ज द्याचा असन तर माझ्या नावानं दे. मी सांगतो, तू लिव."

शेखरनं खिशातून अर्ज काढला. उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती बाजू वर ठेवून त्यानं कागद गणेशपुढे सरकवला.

"काय काय आणाचं ते लिव बे," तो म्हणाला. "नवीन कॉईल. आन तो शॉक ओळखून पडणारा स्विच येते न, तो बी लिव. यावेळी इसरत नाई. तू बी चाल संग."

गणेशनं लिहायला घेतलं. 'वॉशर' हा शब्द त्याला दोनदा लिहावा लागला.

दोन दिवसांनी त्यानं कॉईल बसवली, तिन्ही पायांची नवी पिन लावली आणि स्विच चालू केल्यावर तोटी आधी स्वतः धरली. मी नको म्हणत होतो, टेस्टर होता, मीटर होता. त्यानं ऐकलं नाही. डोळे मिटून अर्धा मिनिट धरून उभा राहिला. गोजरबाई त्याच दिवशी घरी आल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. त्या त्याला म्हणाल्या, "सोड बाबा आता, पाणी थंड होते माहं." मग नवऱ्याकडे पाहून, "आन तुमी. तीन महिने भाकर थापता येत नाई मले. मास्तरनं सांगतलेलं येते न कराले? मंग सुनंनं सांगतलेलं बी करा."

उकंडराव पिठाचा डबा उतरवायला उठले.

रविवारी मी शाळेत गेलो. मुलांना सगळं सांगितलं, कोणाचं काय चुकलं ते, आणि सुरुवात माझ्यापासून केली. मग फळ्यावर ते जुनं वाक्य पुन्हा लिहिलं आणि खडू प्रतीक्षाच्या हातात दिला.

"यात काय कमी आहे ते भर."

ती फळ्यासमोर गेली. मग तिनं माझं वाक्य पुसलं आणि नवीन लिहिलं:

*आंघोळीच्या आधी बटण बंद करा. पिन बोर्डातून बाहेर ओढा. पिनेला तीन पाय असतात. तिन्ही तिलाच राहू द्या.*

वर्ग हसला. ती हसली नाही. खडू तसाच धरून तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "सर, खाली नाव कोणाचं लिवू?"

तिला भीती होती, पुन्हा काही झालं तर दोष कोणावर येईल याची. अकरा वर्षांच्या पोरीला ती भीती मी शिकवली होती.

"माझंच लिही," मी म्हटलं. "चूक निघाली तर कोणाच्या घरी यायचं, ते लोकांना माहीत पाहिजे."